बांध राखणाऱ्या शेतकऱ्याला पैसे द्या

मा. संपादक,
स.न.वि.वि.

वन्यजीव म्हटलं की आपण लगेच वाघ, अभयारण्य आणि सफारीवर येतो, पण जगातली माणसाला वापरता येण्यासारखी जवळपास निम्मी जमीन शेतीखाली आहे आणि तिथल्या जिवांचं काय चाललंय याकडे फारसं कुणी बघत नाही. घुबडं, साप, मुंगूस, मधमाश्या हे बांधावरच्या झुडपात, ओढ्याकाठी, पडीक तुकड्यात राहतात. आणि नेमकं तेच आधी जातं. कारण सरकारी पैसा बऱ्याच ठिकाणी पेरलेल्या क्षेत्रावर नाहीतर उत्पादनावर मिळतो, मग शेतकरी बांध कोरून दोन ओळी जास्त पेरणारच ना, त्याला दोष देऊन काय उपयोग?

बांधावरचं गवत म्हणजे फुकट गेलेली जागा, ही समजूत चुकीची आहे. त्या गवतात जमिनीवरचे शिकारी भुंगेरे आणि कोळी थंडीत तग धरतात आणि नंतर पिकात उतरून मावा ही कीड खातात. इंग्लंडमध्ये तर मोठ्या शेतांच्या मधोमध मुद्दाम गवताचे उंचवटे ठेवतात ते ह्याचसाठी. आपण तणनाशक मारून सगळं साफ करतो आणि मग त्याच माव्यासाठी फवारणीचा खर्च करत बसतो.

धोरणाने किती फरक पडतो ते युरोपात दिसलं. १९९२ मध्ये धान्य जास्त झालं म्हणून तिथे मोठ्या शेतकऱ्यांना काही जमीन पडीक ठेवायला लावली, हेतू पक्ष्यांचा अजिबात नव्हता, तरी त्या जमिनीवर पक्ष्यांना दाणे आणि घरट्याला जागा मिळाली. पुढे धान्याचे भाव वाढले, २००८ मध्ये ती अटच काढून टाकली आणि बरीचशी जमीन पुन्हा नांगराखाली गेली. म्हणजे बाजारभावावर सोडलं तर हे टिकत नाही. अमेरिकेत १९८५ पासून धूप होणारी जमीन पिकातून काढून तिच्यावर गवत, झाडं राखायला शेतकऱ्याला दरवर्षी भाडं मिळतं, करार १० ते १५ वर्षांचा असतो. मला हा मार्ग जास्त पटतो कारण त्यात शेतकऱ्याला पुढचं काहीतरी ठरवता येतं, नाहीतर एक वर्ष योजना आणि दुसऱ्या वर्षी गायब असं झालं तर कोण भरवसा ठेवेल.

अजून एक, माळरानावर सरसकट झाडं लावून त्याला संवर्धन म्हणणं कृपया थांबवा, जमिनीवर घरटी करणाऱ्या पक्ष्यांना मोकळं गवतच लागतं.

आणि हो, झुडपं राखली की रानडुकरंही येतात, हे लपवून चालणार नाही. पीक गेलं तर पंचनामा काही दिवसांत व्हायला हवा आणि भरपाई पुढच्या पेरणीआधी खात्यात यायला हवी, ते आधी करा आणि मगच शेतकऱ्याला बांध राख म्हणून सांगायला जा.

आपला,
एक वाचक