भूल दिल्यावर माझ्या वतीने तू बोलशील ना

प्रिय शुभे,

परवा फोनवर माझ्या मांसाच्या ॲलर्जीचा विषय निघाला तेव्हा तू म्हणालीस, "मटण खायचं नाही एवढंच ना, मग त्यात एवढं घाबरायचं काय?" आणि मी नुसतं हं म्हणून फोन ठेवून दिला. रागावले नव्हते गं. तुला काय सांगायचं आणि कुठून सुरुवात करायची तेच सुचेना. आता निवांत बसून लिहितेय, जरा लांबेल, पण पूर्ण वाच कारण शेवटी तुझ्याकडे एक काम आहे आणि ते काम दुसऱ्या कुणाला सांगायची माझी हिंमत नाही.

तुला तो ट्रेक आठवतो ना, उंच गवतातून गेलो होतो आणि परत आल्यावर माझ्या घोट्याभोवती बारीक बारीक लाल ठिपके आले होते? त्या गोचिडी होत्या, इतक्या लहान की मी आधी धूळच समजले. खाज कितीतरी आठवडे गेली नाही, खाजवून खाजवून गाठी झाल्या आणि मग मी विसरून गेले. दोनेक महिन्यांनी एका रात्री दीडच्या सुमारास जाग आली ती तळहातांच्या खाजेने. आधी तळहात, मग काखा, मग सगळ्या अंगावर गांधी उठल्या, पोटात असा पीळ पडला की सरळ उभं राहवेना, बाथरूमपर्यंत कशीबशी गेले आणि तिथेच डोळ्यांसमोर अंधारी येऊन खाली पडले. कॅज्युअल्टीत नेलं तेव्हा ब्लड प्रेशर खूप खाली गेलं होतं.

तिथल्या डॉक्टरांनी विचारलं, आत्ता तासाभरात काय खाल्लं? मी म्हटलं काही नाही, मी झोपले होते. पुढे दीड वर्ष प्रत्येक वेळी हाच प्रश्न आणि हेच उत्तर. त्या दीड वर्षात असे पाच झटके आले. एकाने फूड पॉयझनिंग सांगितलं, एकाने पोट नाजूक आहे म्हणाले, एकाने तर "टेन्शन घेता का फार?" असं विचारून झोपेची गोळी लिहून दिली. शेंगदाणा, अंडी, मासे सगळ्यांच्या स्किन टेस्ट झाल्या, काही निघालं नाही. मटणाचा संशय मला स्वतःलाही आला नाही कारण लहानपणापासून खात आलेय, कधी काही झालं नव्हतं, आणि त्यातही दरवेळी त्रास व्हायचाच असं नाही. मग माझं मलाच वाटायला लागलं की आपल्या मनाचेच खेळ असतील. शुभे, दुखण्यापेक्षा ते जास्त वाईट होतं, आपल्याच शरीराची साक्ष आपल्याला खोटी वाटायला लागणं.

पाचव्या वेळी एक तरुण डॉक्टर होती. तिने विचारलं रात्रीच्या जेवणात काय होतं, किती वाजता जेवलात, आणि मग एकदम, "गेल्या एक-दोन वर्षांत गोचीड चावली होती का?" मी तिच्याकडे बघतच राहिले. साडेआठला मटण खाल्लेलं, एकला त्रास सुरू. तिने रक्ताची एक साधी तपासणी लिहून दिली, अल्फा-गॅलच्या आयजीईची. आयजीई म्हणजे शरीर ॲलर्जीसाठी रक्तात तयार करतं ती प्रतिद्रव्यं. ०.१ च्या वर आलं की पॉझिटिव्ह धरतात, माझं ११.४ आलं. त्या कागदाकडे बघून मी रडले, आणि ते रडणं बरंचसं सुटकेचं होतं.

आता हे नेमकं आहे काय ते सांगते, कारण हे कळलं नाही तर पुढचं कळणार नाही. अल्फा-गॅल ही एक साखर आहे, म्हणजे साखरेचा एक रेणू. गाय, डुक्कर, शेळी, मेंढी, हरीण, ससा अशा बहुतेक सगळ्या सस्तन प्राण्यांच्या पेशींवर ती असते, माणसांत आणि माणसाच्या जवळच्या वानरांत मात्र नसते. काही जातींच्या गोचिडी चावल्या की त्यांच्या लाळेतून ती आपल्या कातडीत जाते आणि काही जणांचं शरीर तिच्याविरुद्ध ॲलर्जीचं हत्यार तयार करून ठेवतं. गोचीड चावलेल्या प्रत्येकाला हे होत नाही. पण झालं की मग ताटातलं मटणसुद्धा शरीराला शत्रू वाटतं. कोंबडी, मासे, अंडी चालतात कारण त्यांच्यात ती साखरच नाही. आणि उशीर का, तर ही साखर चरबीला चिकटून असते आणि चरबी पचून रक्तात यायला तास लागतात, म्हणून दोन ते सहा तासांनी त्रास, असं मानतात. शेंगदाण्याची ॲलर्जी कशी घास तोंडात असतानाच बोलते, ही माणूस गाढ झोपला की उठते. जेवढी चरबी जास्त तेवढी भीती जास्त, आणि त्या दिवशी दारू, व्यायाम किंवा काही वेदनाशामक गोळ्या झाल्या असतील तर झटका जोरात येतो. दरवेळी त्रास का व्हायचा नाही याचं उत्तर मला इथे मिळालं.

ही गोष्ट सापडली कशी तेही ऐक. अमेरिकेत सेटुक्सिमॅब नावाचं कॅन्सरचं औषध आहे, टेनेसी आणि नॉर्थ कॅरोलिनात ते दिल्यावर सुमारे २२ टक्के पेशंटना गंभीर ॲलर्जी व्हायला लागली, आणि ईशान्येकडच्या भागात जवळजवळ कुणालाच नाही. औषध तेच, मग हा फरक का? व्हर्जिनिया विद्यापीठातल्या थॉमस प्लॅट्स-मिल्स यांच्या टीमने २००८ मध्ये दाखवलं की औषध उंदराच्या पेशींत बनवतात, त्यामुळे त्यावर अल्फा-गॅल असते आणि त्या लोकांच्या रक्तात तिच्याविरुद्धचं आयजीई आधीपासूनच असतं. ते आधीपासून का, याचा धागा पुढे लोन स्टार नावाच्या गोचिडीपाशी गेला. प्लॅट्स-मिल्सना स्वतःलाच २००७ मध्ये हायकिंगला गेल्यावर गोचिडीची पिल्लं चावली आणि नंतर लँब चॉप्स खाल्ल्यावर मध्यरात्री अंगावर गांधी उठल्या. तिकडे सिडनीत शेरिल व्हॅन नुनेन यांनीही त्याच सुमारास गोचीड आणि मांसाची ॲलर्जी यांची सांगड घातली. युरोपात आणि जपानमध्ये गोचिडीच्या जाती वेगळ्या, आजार हाच.

आणि तरी डॉक्टरांना माहीत का नसतं? २०२३ मध्ये अमेरिकेच्या सीडीसीने, म्हणजे तिथल्या सरकारी आरोग्य संस्थेने, एक पाहणी छापली, त्यात ४२ टक्के डॉक्टर-नर्स वगैरे मंडळींनी या आजाराचं, अल्फा-गॅल सिंड्रोमचं, नावच ऐकलेलं नव्हतं. आणि ही पाहणी तिथली, जिथे २०१० ते २०२२ मध्ये १ लाख १० हजारांहून जास्त संशयित केसेस सापडल्या आणि खरा आकडा साडेचार लाखांपर्यंत असू शकेल असा अंदाज आहे! हे वाचल्यावर माझ्या त्या डॉक्टरांवरचा राग बराच उतरला, कारण त्यांना कुणी शिकवलंच नव्हतं. पण ज्यांनी माहीत नाही असं सरळ सांगायचं सोडून मला टेन्शन आहे असं सांगितलं त्यांना मी अजून माफ केलेलं नाही.

जेवणाचं तसं जमलं आता. दुधाचा मला त्रास होत नाही, पुष्कळांना होतो. जिलेटिन, म्हणजे जनावरांच्या हाडा-कातड्यांतून काढतात ते, असलेल्या गोड गोळ्या आणि जेली बंद, बाहेर गेलं की तळायला कसली चरबी वापरता ते विचारते. लोक म्हणतात एक घास खाऊन काय होतंय. सुरुवातीला मी समजावायचे, आता नुसतं नाही म्हणते.

अवघड आहे ते औषधांचं, आणि तुला पत्र लिहायचं कारण तेच.

पुढच्या महिन्यात माझ्या गुडघ्याचं ऑपरेशन आहे. दवाखान्यात प्राण्यांपासून बनलेलं किती काही असतं ते मला या आजारानंतर कळलं. हेपॅरिन, म्हणजे रक्ताची गुठळी होऊ नये म्हणून देतात ते इंजेक्शन, डुकराच्या आतड्यापासून काढतात. कॅप्सूलचं कवच बहुतेक वेळा जिलेटिनचं. रक्तस्राव थांबवायला वापरतात तो स्पंज जिलेटिनचा असू शकतो, ब्लड प्रेशर पडलं की चढवतात त्या काही सलाइनांत जिलेटिन असतं, कॅटगट नावाचा टाक्यांचा धागा प्राण्यांच्या आतड्याचा, हृदयाच्या काही झडपा गाय-डुकराच्या. गोवर-गालगुंडाच्या काही लशींतही जिलेटिन असतं. म्हणजे प्रत्येकाला प्रत्येक गोष्टीने त्रास होतोच असं अजिबात नाही, हेपॅरिनच्या ज्या रिॲक्शन नोंदल्या गेल्यात त्या बहुतेक हृदयाच्या ऑपरेशनमधल्या मोठ्या डोसच्या आहेत, आणि जीव वाचवायला एखादं औषध लागलंच तर डॉक्टर ते तयारीनिशी देतीलही. ते अडवायचं नाही. पण त्यांना माहीत असायला हवं, अचानक कळता कामा नये.

भुलीच्या डॉक्टरांना मी आधीच भेटले. त्यांनी ऐकलं नव्हतं या आजाराबद्दल, पण त्यांनी तसं स्पष्ट सांगितलं, माझे रिपोर्ट ठेवून घेतले आणि चार दिवसांनी स्वतः फोन करून म्हणाल्या की वाचलंय मी, गुठळी होऊ नये म्हणून फोंडापॅरिनक्स वापरू, ते पूर्णपणे कृत्रिम आहे. मला इतकं बरं वाटलं! पण ऑपरेशननंतर वॉर्डात नर्स बदलतील, रात्रपाळीचे डॉक्टर वेगळे असतील, आणि मी गुंगीत असेन. फाइलवर लाल पेनने "मांसाची ॲलर्जी" लिहिलं की लोकांना वाटतं हा फक्त किचनचा विषय, जेवण शाकाहारी पाठवलं की झालं. मागे एकदा ताप आला तेव्हा नेमकं हेच झालं होतं, जेवण शाकाहारी आणि सोबत दोन कॅप्सूल. मी जागी होते म्हणून बघितलं.

म्हणून तू हवीस. पहिले दोन दिवस माझ्याजवळ राहा. या पत्रासोबत एक कागद आहे, त्यावर सगळी यादी आहे आणि ॲलर्जीच्या डॉक्टरांचा नंबर. कुणीही नवीन औषध आणलं की एवढंच विचार, "हे कशापासून बनलंय, यात जिलेटिन आहे का?" त्यांना माहीत नसेल तर फार्मसीत विचारून सांगा म्हण, घाई नसेल तर ते होईपर्यंत थांबवा म्हण. भांडू नकोस, पण बाजूलाही होऊ नकोस. तू शाळेत असल्यापासून शांतपणे हट्ट धरू शकतेस, मला ते कधीच जमलं नाही.

आणि त्रास सुरू झालाच तर काय दिसेल: तळहात खाजतील, गांधी उठतील, पोटात पिळवटेल, आवाज बसेल किंवा धाप लागेल. कधी नुसतंच पोट दुखतं आणि चक्कर येते, अंगावर काहीच दिसत नाही, तेव्हा गॅस झाला असेल म्हणून कुणाला सोडू देऊ नकोस. दवाखान्यात बेल दाब आणि ॲनाफिलॅक्सिस, म्हणजे ॲलर्जीचा जीवघेणा झटका, हा शब्द मोठ्याने म्हण. घरी आल्यावर झालं तर माझ्या बॅगेच्या बाहेरच्या कप्प्यात ॲड्रेनलिनची दोन पेनं, म्हणजे पेनासारखी तयार इंजेक्शनं आहेत, एक मांडीच्या बाहेरच्या बाजूला मध्यभागी टोच, कपड्यावरून चालतं, मग ॲम्ब्युलन्स. मला आडवं ठेव, पाय वर, उठून चालायला लावू नकोस. पाचेक मिनिटांत उतार पडला नाही तर दुसरं पेन. ॲलर्जीची साधी गोळी देऊन वाट बघायची नाही, तिने खाज कमी होते, ब्लड प्रेशर सावरत नाही.

तू विचारशील हे बरं होणार का. औषध असं नाही. पण पुन्हा गोचीड चावली नाही तर आयजीई काही वर्षांत खाली येतं आणि काहींना परत मांस चालायलाही लागतं. माझं आता ४.२ वर आलंय. आकडा कमी म्हणजे झटका हलका असं गणित नसतं, तरी आकडा उतरताना बघून बरं वाटतं. म्हणून गवतात जाताना पॅन्ट मोज्यांत खोचते, कपड्यांवर परमेथ्रिन नावाचं कीटकनाशक मारते, घरी आलं की कपडे गरम ड्रायरमध्ये आणि गुडघ्यामागे, काखेत, केसांत सगळीकडे बघते. तूही बघत जा गं. सापडली तर कुणी म्हणेल तेल लाव, कुणी म्हणेल चटका दे, काही ऐकू नकोस, बारीक टोकाच्या चिमट्याने कातडीलगत धरायची आणि सरळ वर ओढायची.

ऑपरेशनच्या दिवशी सकाळी सातला भरती व्हायचंय, तू साडेसहाला आलीस तर बरं, म्हणजे भुलीच्या डॉक्टरांशी तुझी ओळख करून देता येईल आणि सरावाच्या पेनवर तुझा हात एकदा बसवून घेता येईल, त्यात सुई नसते. तोवर हा कागद वाचून ठेव आणि रविवारी फोन कर, आपण दोघी मिळून यादी एकदा मोठ्याने वाचू.

तुझीच,
नीलू