सत्काराऐवजी जाखडीत बसवा

मॉरिशसहून कोकणात पूर्वजांचे गाव शोधत आलेल्या झाकरी (तिथल्या मराठी माणसांनी जपलेली आपली जाखडी) गायकावरील लेख (रविवार पुरवणी) वाचला. गाव सापडले नाही म्हणून फेरी वाया गेली, हा त्यातला सूर पटला नाही. १८३४ पासून करारावर गेलेल्या मजुरांच्या नोंदी मॉरिशसमधल्या मोका येथील महात्मा गांधी संस्थेत आहेत. पण परक्या कारकुनाने कानावर पडले तसे उतरवलेले गाव ओळखू येईलच असे नाही. गणपतीतल्या जाखडीचा फेर त्याहून बोलका: मधोमध गायक-वादक, भोवती चाळ बांधलेले नाचे. पाहुण्याची शाल-श्रीफळावर बोळवण करण्यापेक्षा (ते आपल्याला छान जमते!) त्याला शक्ती-तुऱ्याच्या (जाखडीतल्या दोन पक्षांच्या सवाल-जवाबाच्या) सामन्याला रात्रभर बसवायचे होते. त्याची चाल कुठल्या बाजूची, हे तिथल्या जुन्या शाहिरांनी कदाचित सांगितलेही असते.

– एक वाचक, चिपळूण