जमिनीचा मालक कोण?

मा. संपादक,
स.न.वि.वि.

पर्यावरणाच्या नाशाचे मूळ बायबलातल्या ‘पृथ्वी सत्तेखाली आणा’ या आज्ञेत आहे, असे आपल्या पानांवर नुकतेच वाचले. आरोप जुना आहे. अमेरिकी इतिहासकार लिन व्हाइट यांनी १९६७ मध्ये ‘सायन्स’ या नियतकालिकात तो मांडला होता. ख्रिस्ती म्हणवणाऱ्या सत्तांनी जंगले, खाणी आणि परके मुलूख कसे ओरबाडले, हे पाहिले की तो झटकून टाकता येत नाही. मला स्वतःला त्याची लाज वाटते. पण एका ओळीवरून सगळा ग्रंथ दोषी ठरवणे मला पटत नाही.

सत्तेची ती ओळ बायबलातल्या पहिल्या पुस्तकाच्या, म्हणजे उत्पत्तीच्या, पहिल्या अध्यायात आहे. दुसऱ्याच अध्यायात देव माणसाला बागेत ठेवतो, तो मशागत आणि राखण करायला. ‘राखण’साठी तिथे असलेले हिब्रू क्रियापद ‘शामर’. ‘परमेश्वर तुझे रक्षण करो’ या आशीर्वादातही तेच क्रियापद आहे. देवाने आपल्याला जसे जपावे असे आपण मागतो, तसे जमिनीला जपायचे काम आपल्याकडे आहे.

लेवीय या बायबलातल्या नियमांच्या पुस्तकाच्या पंचविसाव्या अध्यायात तर मालकी कोणाची, हे देव स्वतःच सांगतो : जमीन कायमची विकायची नाही, कारण ती माझी आहे; तुम्ही माझ्याकडे उपरे आहात. हे नुसते स्तुतिगान नाही, रोजच्या व्यवहाराचा नियम आहे. सातव्या वर्षी रान पडीक ठेवायचे. पन्नासावे वर्ष योबेलचे. त्या वर्षी विकलेली शेती मूळ घराण्याकडे परत जायची. म्हणून किंमत ठरायची ती योबेलपर्यंत किती पिके निघणार यावर. तीस वर्षे उरली असतील तर जास्त, तीनच उरली असतील तर थोडी. विकली जायची ती पिके, जमीन नव्हेच! कापणीच्या वेळी शेताच्या कडेचे पीक गरिबांसाठी आणि उपऱ्यांसाठी उभे ठेवायचे, हेही याच पुस्तकात आहे. शेताला शेत जोडत सुटलेल्यांना यशया संदेष्टा ‘धिक्कार असो’ म्हणतो, तेव्हा हे नियम मोडणारे त्या काळीही होते, हे उघड आहे.

त्यांतलाच एक इस्राएलचा राजा अहाब. राजवाड्याला लागून नाबोथाचा द्राक्षमळा होता. राजाला तिथे भाजीचा मळा करायचा होता. त्याने बदल्यात याहून चांगला मळा देऊ केला, रोख पैसेही देऊ केले. वाडवडिलांचे वतन मी देणार नाही, एवढेच नाबोथ म्हणाला. राजा बिछान्यावर तोंड फिरवून पडला, जेवेना. मग राणीने खोटे साक्षीदार उभे करून नाबोथाला दगडमार करवली. अहाब मळ्याचा ताबा घ्यायला उतरला, तर समोर एलीया संदेष्टा उभा : खून केलास आणि वर ताबाही घेतलास?

पोप फ्रान्सिस यांनी २०१५ च्या ‘लाउदातो सी’ या परिपत्रकात, सत्तेच्या त्या ओळीतून निसर्गाच्या लुटीला परवानगी काढणे हा चुकीचा अर्थ आहे, असे स्पष्ट लिहिले. तरीही माझी तक्रार आहे ती आमच्याच लोकांकडे. इतकी वर्षे प्रवचने ऐकतो आहे. उत्पत्तीचा पहिला अध्याय पाठ झाला, लेवीयचा पंचविसावा मात्र मला घरी बसून स्वतःच वाचावा लागला.

आपला,
एक ख्रिस्ती वाचक