वरातीतल्या गाण्याचा परवाना

लग्नसराई आली की हॉलवाले आणि वधूपिता यांच्यात ठरलेला वाद रंगतो. पुतणीच्या लग्नासाठी घेतलेल्या हॉलच्या फॉर्मवर तळाशी बारीक अक्षरांत छापले होते: ‘संगीत परवान्याची जबाबदारी ग्राहकाची’. वर त्याच हॉलने ‘म्युझिक चार्जेस’ रोखीने घेतले, पावती नाहीच!

कॉपीराइट कायद्याच्या कलम ५२(१)(झेडए) नुसार धार्मिक विधीत गाणी वाजवणे हा कॉपीराइटचा भंग नाही; वरात आणि लग्नाशी निगडित सामाजिक समारंभही त्यातच धरले आहेत. जुलै २०२३ मध्ये केंद्राने हेच जाहीर नोटिशीद्वारे सांगितले. गोवा सरकारने जानेवारी २०२४ मध्ये तसे परिपत्रक काढले, पण उच्च न्यायालयाच्या गोवा खंडपीठाने त्याच वर्षी ऑगस्टमध्ये ते रद्द केले. कायद्यातली सवलत मात्र कायम आहे, हे हॉलवाले सोयीने विसरतात.

गीतकार-संगीतकारांना त्यांचे मानधन मिळालेच पाहिजे. २०१२ च्या दुरुस्तीने त्यांना रॉयल्टीचा हक्क दिला तो योग्यच. हॉटेलातल्या ३१ डिसेंबरच्या पार्टीकडून खुशाल वसुली करा. पण हळदीच्या गाण्यांवर कसली आकारणी? आणि आमच्याकडून घेतलेले रोख पैसे त्या कलावंतांपर्यंत पोहोचले असतील, यावर निदान माझा तरी विश्वास नाही.

साखरपुडा, संगीत, रिसेप्शन यांपैकी काय काय सवलतीत बसते, हे केंद्राने नोटिशीवर न भागवता कायद्यातच नावानिशी लिहावे. तोवर प्रत्येक हॉलला ‘म्युझिक चार्जेस’ची छापील पावती देणे सक्तीचे करावे.

– एक वाचक, नाशिक