जिवाणूच्या पोटातला विषाणू

मा. संपादक,
स. न. वि. वि.

‘फेज म्हणजे वाईट जिवाणूंना खाणारा चांगला विषाणू’ असं आरोग्याच्या सदरांतून सर्रास छापून येतं. मुळात फेज जिवाणूला खात नाही, आतून फोडतो. आणि आतड्यातले कितीतरी फेज तेवढंही करत नाहीत. जिवाणूच्या डीएनएत आपला डीएनए ओवून पोटभाडेकरूसारखे गप्प पडून राहतात. हा भाडेकरू कधीकधी सामानात विष घेऊन येतो. कॉलऱ्याच्या विषाचं जनुक फेजचं, हे १९९६ मध्येच सिद्ध झालं आहे.

२०११ मध्ये जर्मनीत मोड आलेल्या मेथीतून ई. कोलाय या आतड्यातल्या जिवाणूचा ओ१०४:एच४ हा प्रकार पसरला. ३,८०० हून अधिक लोक आजारी पडले, पन्नासवर दगावले. (आधी खापर फुटलं ते स्पेनच्या काकड्यांवर!) आतड्याला घट्ट चिकटणाऱ्या या जिवाणूला शिगा नावाच्या विषाचं जनुक दिलं होतं फेजने.

फेजला दाबून ठेवतं ते रिप्रेसर नावाचं प्रथिन. सिप्रोफ्लॉक्सॅसिनसारख्या अँटिबायोटिकने जिवाणूचा डीएनए तुटला की त्याचं रेकए हे दुरुस्तीचं प्रथिन कामाला लागतं, रिप्रेसर तुटतो आणि फेज मोकळा होतो. विषाचं जनुक पेशी फोडणाऱ्या जनुकांना लागूनच असतं. त्यामुळे विष तयार होतं आणि लगोलग पेशी फुटून ते बाहेरही पडतं. नवे फेज शेजारच्या निरुपद्रवी ई. कोलायमध्ये शिरतात, विष रक्तावाटे किडनी गाठतं.

म्हणून जुलाबात रक्त दिसलं तर घरात उरलेली अँटिबायोटिकची गोळी घेऊ नये. जुलाब थांबवणारं लोपेरामाइड तर नाहीच. शिगेला या वेगळ्या जिवाणूच्या हगवणीला मात्र अँटिबायोटिक लागू शकतं, तेव्हा निर्णय डॉक्टरांचा. शौचाचा नमुना पहिल्या डोसच्या आधी द्यावा. प्रयोगशाळेत जिवाणू वाढवायच्या सॉर्बिटॉल मॅकॉन्की प्लेटवर (सॉर्बिटॉल हे साखरेसारखं द्रव्य) ओ१५७ या ई. कोलायच्या दुसऱ्या विषारी प्रकाराच्या वसाहती रंगहीन दिसतात, पण ओ१०४ सॉर्बिटॉल आंबवतो. तो गुलाबी उगवून साध्या ई. कोलायच्या गर्दीत मिसळतो. तिथे प्लेटवर विसंबून चालत नाही, विषाचा किंवा पीसीआर या डीएनए-चाचणीने त्याच्या जनुकाचा थेट शोध घ्यावा लागतो.

ओआरएसचं मोठं पाकीट पूर्ण एक लिटर पाण्यातच कालवावं. आणि आठवडाभराने जुलाब ओसरत असताना मूल पांढरंफटक पडलं, लघवी कमी झाली, तर ‘पोट आता बरं आहे’ म्हणून घरी थांबू नये. त्याच दिवशी किडनीची तपासणी होईल अशा रुग्णालयात न्यावं.

– एक सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ, मिरज