मन्याला खायचं होतं

इंदिरानगर, नाशिक
रविवार, रात्र

प्रिय दिग्या,

तुझे दोन फोन आले, एकालाही उत्तर दिलं नाही. हवा तेवढा राग धर, पण हे पत्र शेवटपर्यंत वाच. इकडे सगळे बरे. आक्काचा गुडघा तसाच, माझं बीपी गोळीवर.

आपला ससा मन्या कशाने गेला ते मला बुधवारी कळलं. पस्तीस वर्षांनी.

छकुलीने गेल्या वर्षी ससा आणला. रंग राखाडी, नाव कापूस. (हस.) दिवाळीनंतर तो गाजर हुंगायचा, तोंडात धरायचा आणि टाकून द्यायचा. हनुवटीखालचे केस लाळेने ओले, उजव्या डोळ्याला पाणी, लेंड्या मोहरीएवढ्या. मला वाटलं थंडी बाधली. मग एका दुकानदाराने पाहिलं, म्हणाला पुढचे दात वाढलेत, आणि नखं कापायच्या कटरने कापून टाकले. कापूसला धरून मीच उभा होतो रे. एक दात उभा चिरला. तो आवाज अजून कानातून जात नाही.

शेवटी डॉक्टरबाईंकडे नेला. त्यांनी कान तपासायची नळी त्याच्या तोंडात घालून दाढा पाहिल्या. म्हणाल्या, सशाचे 28 दात, आणि सगळे जन्मभर वाढत राहतात. पुढचे तर आठवड्याला दोन-दोन मिलिमीटर. गवत चघळताना खालचा जबडा आडवा फिरतो, तेव्हा दाढांवर दाढा घासून झिजतात. गाजर, ब्रेड, बिस्किटं दोन चाव्यांत पोटात जातात, झीज होतच नाही. मग खालच्या दाढांना आतून टोकं येतात ती जिभेत रुततात, वरच्यांना बाहेरून येतात ती गालात. डोळ्याचं पाणीसुद्धा दातांमुळेच. वरच्या दातांची मुळं मागे सरकून अश्रूंची नळी दाबतात. मोबाइलवर फोटो दाखवला त्यांनी. जिभेच्या कडेला भाताच्या शिताएवढी पांढरी जखम.

"भूक आहे हो त्याला, घास घेता येत नाही," असं त्या म्हणाल्या आणि मी तिथेच स्टुलावर बसलो.

हेच तू म्हणाला होतास. पंचवटीच्या वाड्यात, खोक्यापाशी उकिडवा बसून. "त्याला खायचंय रे, तोंड दुखतंय त्याचं." सातवीत नापास होता होता वाचलेला तू, आणि निदान असं अचूक! आपण त्याला काय घालायचो आठव. चहात बुडवलेला पाव, ग्लुकोजची बिस्किटं, मंडईतून आणलेली गाजरं. गवताची काडी नाही. आणि तो गेल्यावर मी सगळ्या वाड्यासमोर म्हणालो की मी सिन्नरला लग्नाला गेलो तेव्हा तू त्याला उपाशी ठेवलंस. तू रंगपंचमीपर्यंत बोलला नाहीस. शनी चौकाच्या रहाडीत, रंगाच्या त्या हौदात, सुध्याने दोघांना एकदम ढकललं म्हणून बोललास. मी मात्र ते शब्द कधी मागे घेतले नाहीत. आज घेतो. सुध्याला आणि पम्याला फोन करून सांगितलं, आक्कालाही. ती म्हणाली, "दिगू खोटं बोलायचाच नाही."

कापूसला भूल देऊन दाढा घासल्या. भुलेआधी उपाशी ठेवायचं नाही म्हणाल्या! सशाला उलटी होत नाही, आणि खाणं थांबलं की आतडीच थांबतात. बारा तास काही खाल्लं नाही तर धावत या, असं बजावलंय. आता दर तीन तासांनी सिरिंजने पातळ खाणं भरवतो. टॉवेलात गुंडाळायचं, पुढच्या दातांमागे मोकळी जागा असते तिथून बाजूने थेंब थेंब सोडायचं. रात्री ती पाळी माझी. मखमलाबादच्या मामांनी लसूणघासाचा भारा आणला, तो परत पाठवावा लागला. पूर्ण वाढलेल्या सशाला त्यात कॅल्शियम जास्त. साधं वाळलं गवत दिवसभर समोर हवं.

काळजी ही आहे की टोकं पुन्हा येतात. दीड महिन्याने परत दाखवायचंय, पुन्हा भूल लागेल म्हणतात, आणि पुढेही असंच. भाजीच्या काट्यावर तोललं, 1 किलो 640 भरला. दिवाळीत 1 किलो 900 होता. एवढ्याशा जिवाला किती वेळा भूल द्यायची? छकुली विचारते, "बाबा, बरा होईल ना?" तिला काय सांगू? तू त्याला एकदा बघून जा. तुला त्यांचं कळतं.

तुझी बदली झाली म्हणे, वहिनी खूश असतील. चिरंजीवांच्या गिनिपिगांकडे मात्र आजच बघ. त्यांचेही वीसच्या वीस दात वाढत राहतात, आणि खालच्या दाढा जिभेवर कमान धरून जीभच अडकवतात. त्यांच्या अंगात सी जीवनसत्त्व तयार होत नाही, तेव्हा ढोबळी मिरची, कोथिंबीर रोज. पाण्यात थेंब टाकत असाल तर त्यावर विसंबू नका, लवकर निकामी होतात. दर आठवड्याला वजन कर, रोडावल्याचं केसांत कळत नाही.

आज संध्याकाळी कापूसने स्वतःहून हरळीची एक काडी ओढली. दोन्ही बाजूंनी जबडा फिरत होता, काडी आत आत जात होती. मी आणि छकुली फरशीवर पालथे पडून बघत होतो. एकच काडी, पण पूर्ण खाल्ली.

अकरा वाजले, सिरिंज भरायची आहे.

तुझाच,
नंद्या