शास्त्रीबुवा, तो मुलगा बरोबर होता

प्रिय शास्त्रीबुवा,

हे पत्र तुलाच लिहायला हवं होतं. घरी सांगितलं तर "मग पुढे काय झालं?" असं विचारतील, आणि शाळेत सांगितलं तर "पण इंग्रजीच्या तासाला मराठी कशाला?" असं. तुला यातलं काही विचारावंसं वाटणार नाही. तू नुसता डोक्याला हात लावून बसशील, आणि मला तेच हवं आहे.

तब्येत बरी. गोळ्या चालू आहेत. आईचं ऐकणं आहे तसंच. असो.

नवशिक्यांचा वर्ग घेतो ते तुला माहीत आहेच. इंग्रजी शिकवायचं, पण गणित-विज्ञानातल्या अगदी सोप्या गोष्टी हाताशी धरून: मोजणं, आकार, लांब-आखूड, गरम-गार, काय तरंगतं, काय बुडतं. परवा पाण्याचा टब मांडला होता. फळ्यावर दोनच वाक्यं होती, "आय थिंक इट विल फ्लोट" आणि "आय थिंक इट विल सिंक". वस्तू हातात घ्यायची, जोखायची, एक वाक्य म्हणायचं आणि ती पाण्यात सोडायची. मागच्या बाकावरचा तो, ज्याच्याबद्दल फोनवर बोललो होतो, त्याच्या हाती लाकडाचा ठोकळा आला. चांगला वजनदार होता. आजवर तोंड न उघडलेला मुलगा स्वच्छ म्हणाला, "इट इज हेवी. इट विल सिंक." आणि ठोकळा तरंगला. मग त्यानं खिळा उचलला. "इट इज लाइट. इट विल फ्लोट." खिळा थेट तळाला गेला.

तो पाण्याकडे बघत राहिला. बाकीची पोरं हसत होती, त्याचं लक्ष नव्हतं. मग हळूच मराठीत म्हणाला, "सर, नुसतं जड असून भागत नाही. केवढ्या जागेत किती जड आहे, ते बघायला लागेल."

अरे, घनता! कुणी शब्द शिकवला नाही, सूत्र दिलं नाही. पोरानं ती स्वतः काढली.

त्या दिवशी तास बघायला एक साहेब आले होते. ते दारातूनच म्हणाले, "इंग्लिशमध्ये सांग." मी म्हटलं, त्याला आधी पुरतं बोलू द्या. पण तोवर मुलगा मिटला होता. त्यानं फळ्याकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं आणि म्हणाला, "इट इज हेवी." साहेब "गुड" म्हणाले आणि वहीत काहीतरी लिहून पुढच्या वर्गाकडे गेले.

बघ काय झालं ते. त्याच्यापाशी एक खरा विचार होता आणि इंग्रजीत म्हणता येईल असं एक वाक्य होतं. वाक्य चुकीचं आहे हे त्याला त्या घटकेला वर्गात सगळ्यांत जास्त ठाऊक होतं. तरी त्यानं विचार टाकून वाक्य ठेवलं. आणि शाबासकी त्या वाक्यालाच मिळाली! तेव्हापासून रात्री डोळा लागत नाही.

आता तू तुझं जुनं पालुपद काढशील, मला ऐकू येतंय. "विज्ञानाला भाषेच्या दावणीला बांधू नकोस." वसतिगृहाच्या गच्चीवर आपलं यावरून जे वाजलं होतं त्यात मोठे सर मध्ये पडले नसते तर आपण आज बोलत नसतो. (त्याच आठवड्यात तू शून्य ही सम संख्या नाही म्हणून रात्रभर भांडला होतास, हेही लक्षात ठेव. ती चूक तू अजून कबूल केलेली नाहीस, लेका. शून्याला दोननं भागलं तर बाकी काही उरत नाही, म्हणजे ती समच.) पण दावणीच्या भांडणात मी माघार घेत नाही, कारण या पद्धतीनं काय होतं ते मी रोज बघतो.

नवशिक्याला "तुझ्या सुट्टीबद्दल सांग" म्हटलं की तो गप्प बसतो. त्याच्याकडे शब्द नसतात आणि वाक्य बरोबर आलं की नाही हे आमच्या चेहऱ्याकडे बघून ठरवावं लागतं. "फाइव्ह प्लस थ्री इज एट" म्हणताना त्याला माझा चेहरा लागत नाही. पाच आणि तीन आठ, हे त्याला आधीच माहीत आहे, नवा आहे तो फक्त आवाज. दोन काठ्या हातात दिल्या की "धिस वन इज लाँगर" हे त्याचं त्याला पटतं. शिवाय घोकंपट्टी न करता तेच वाक्य वीस वेळा येतं, कारण दर वेळी मोजायची वस्तू वेगळी असते. बर्फ तापवला की "इफ वी हीट आइस, इट मेल्ट्स". व्याकरणात ज्या वाक्यासाठी पोरं रडतात ते इथे वाफेसारखं आपोआप येतं. आधी ऐकायचं, हातांनी करायचं, बोलणं मागून आलं तरी चालेल, हे जेम्स अॅशर नावाचा अमेरिकन मानसशास्त्रज्ञ १९६० च्या दशकात सांगून गेला. पोरांना "टेक टू क्यूब्ज, पुट देम इन द वॉटर" म्हटलं की ती एक अक्षर न बोलता समजल्याचं दाखवतात. हे मला कुणी नाकारू नये.

पण गणितात भाषा कुठे आडवी येते ते तुला सांगायचंच होतं, कारण तुला वाटतं आकड्यांना भाषा नसते. "फोर लेस दॅन टेन" हे मांडायला दिलं तर अर्धा वर्ग ४ − १० लिहितो. पोरांचं काय चुकलं? त्यांनी ऐकलं त्या क्रमानं लिहिलं. आपण म्हणतो "दहापेक्षा चारने कमी", आणि मांडणीतही दहा आधी, चार नंतर. "दहातून चार वजा कर" यातही तसंच. इंग्रजीत "सबट्रॅक्ट फोर फ्रॉम टेन" म्हटलं की चार पुढे येतो. पेपर तपासणारा म्हणणार, वजाबाकी कच्ची आहे. वजाबाकी पक्की आहे, वाक्य उलटं फिरलंय! मी आता आधी ठोकळे मांडतो, चार बाजूला काढतो, मग वाक्य म्हणतो. "थर्टीन" आणि "थर्टी"चंही तसंच. कानाला जवळजवळ एक. आपल्या "तेरा" आणि "तीस" यांत कुणी गोंधळणार नाही. उलटं एके ठिकाणी इंग्रजी आपल्याहून सरळ आहे, हेही कबूल करायला हवं. "पंचवीस" म्हणताना आपण पाच आधी म्हणतो आणि लिहिताना दोन आधी लिहितो. "एकोणतीस" तर वजाबाकीच आहे. "ट्वेंटी-फाइव्ह" जसं म्हणायचं तसंच लिहायचं. दशक-एककाला अडखळणारी आमची एक मुलगी इंग्रजी आकड्यांवर सुधारली, तुझा विश्वास बसणार नाही.

आता मूळ गोष्ट. साहेबांच्या "इंग्लिशमध्ये सांग"मागे जी समजूत आहे ती मला खटकते. मराठी बंद केली की इंग्रजी आत येईल, असं त्यांना वाटतं. परभाषेतून शिकणाऱ्या मुलांचा अभ्यास करणाऱ्या जिम कमिन्सनं १९७९ मध्ये बोलण्याची भाषा आणि अभ्यासाची भाषा यांतला फरक मांडला. खेळात, मधल्या सुट्टीत लागणारी परभाषा साधारण दोन वर्षांत येते, पण विचार मांडायला, कारण सांगायला लागणारी भाषा यायला पाच ते सात वर्षं लागू शकतात. मग या मुलानं ती वर्षं काय करायचं? विचार करणं थांबवायचं? कॅनडातल्या क्यूबेकमध्ये १९६५ साली सेंट लॅम्बर्टच्या शाळेत इंग्रजी घरांतल्या मुलांना फ्रेंचमधून शिकवायला सुरुवात झाली. परभाषेत पुरतं बुडवण्याचा सगळ्यांत गाजलेला प्रयोग तो. पण तिथेसुद्धा शिक्षक फ्रेंच बोलत आणि लहानग्यांना सुरुवातीला इंग्रजीत उत्तर द्यायची मुभा असे. ही गोष्ट सोयीस्कररीत्या विसरली जाते. मलेशियानं २००३ मध्ये गणित आणि विज्ञान इंग्रजीतून शिकवायला घेतलं आणि २००९ मध्ये ते धोरण मागे घ्यायचं ठरवलं. त्याची कारणं बरीच होती, राजकारणही होतं. पण एका सरकारला सगळ्या देशभर जे जमवता आलं नाही ते माझ्या वर्गात नुसत्या हुकमानं जमेल, असं कुणी समजू नये.

आणि तरी, तुझ्या बाजूनं झुकतो असं समजू नकोस. तू म्हणशील, मग घनता मराठीत शिकव आणि मोकळा हो. नाही. त्या पोरानं विचार मराठीत केला, तो मराठीत पुरा बोलला पाहिजे, आणि मग त्याच विचाराचं इंग्रजी त्याच्या हातात दिलं पाहिजे. नाहीतर इंग्रजीत तो जन्मभर "इट इज हेवी" एवढाच राहील. तेवढ्याशा भाषेत खरं विज्ञान बसवता येतं का, हा माझा खरा प्रश्न आहे, आणि तो भाषेपेक्षा टबाशेजारी काय मांडतो यावर जास्त अवलंबून आहे असं मला वाटायला लागलंय.

म्हणून पुढच्या तासाला एकाच मापाचे ठोकळे आणले: लाकडाचा, मेणाचा, लोखंडाचा. आणि त्याच मापाच्या पातळशा डबीत पाणी. "सेम साइज." हे दोन शब्द नवशिक्यालाही येतात. मग तराजूवर एकेक ठोकळा पाण्यासमोर ठेवला. "लाइटर दॅन वॉटर", लाकूड आणि मेण. "हेवियर दॅन वॉटर", लोखंड, ते तर पाण्याच्या जवळजवळ आठपट. दार लावून घेतलं होतं आणि पहिली दहा मिनिटं मराठी चालेल असं सांगितलं होतं. तो बोलला, भरपूर बोलला, मध्येच दुसऱ्या मुलाशी भांडला. आणि शेवटी फळ्यावर स्वतः लिहिलं, "सेम साइज वुड इज लाइटर दॅन वॉटर. इट फ्लोट्स." व्याकरणाला बोट ठेवायला जागा आहे. मी ठेवलं नाही. ते वाक्य खरं होतं आणि त्याचं होतं.

पण साहेबांचा शेरा आलाय: "मातृभाषेचा वापर टाळावा." पुढच्या वेळी दार लावलेलं चालणार नाही. सरळ जाऊन त्यांना भेटावं असं ठरवलंय, त्या मुलाचं वाक्य घेऊन. तू असतास तर दोघं गेलो असतो. तू विज्ञानाचा माणूस, तुझं म्हणणं त्यांना पटलं असतं. निदान मला दोन ओळी लिहून दे, "केवढ्या जागेत किती जड" हे विज्ञान म्हणून किती मोठं पाऊल आहे ते, तुझ्या भाषेत. मी बोललो तर ते भाषेच्या शिक्षकाचं हळवेपण ठरेल.

तुझी बदली झाली की राहिली? वहिनींच्या डोळ्याचं काय म्हणाले? धाकटीला गणितात पैकीच्या पैकी मिळाले हे ऐकून आनंद झाला, ती तुझ्यावर गेली नाही हे किती बरं. थोरल्याला माझा निरोप दे, चिडून घर सोडून जायच्या धमक्या आम्हीही दिल्या होत्या, मोठे सर साक्षीला आहेत. त्यांच्याकडे जाणार असशील तर कळव, मीही येतो.

आणि एक महत्त्वाचं. त्या पोरानं विचारलंय की लोखंडाचा डबा का तरंगतो, लोखंड तर आठपट जड. तो घरून डबा आणणार आहे. झाकण घट्ट लावून आण, असं सांगितलंय. झाकण असेपर्यंत माझं "सेम साइज" टिकतं, आतली हवाही मापात धरली की झालं. पण तो झाकण काढणार, पाणी आत शिरणार आणि डबा बुडणार. तेव्हा "साइज" नक्की कशाची म्हणायची, आणि ती नवशिक्याच्या इंग्रजीत कशी सांगायची, ते सोमवारच्या आत लिही.

तुझाच,
भाषावाला